दोन मीटरचं घर

उदगीरच्या शिवमूर्तीअप्पांचं भुसार मालाचं दुकान चांगलं चालायचं, पण जीव मात्र लाइटबिलात अडकलेला. पाहुणा आला की पंखा लावायचे, त्याचा घाम वाळला की "भाईर काय झकास वारं सुटलंय!" म्हणत बटण बंद. बायको नीलम्मानं मिक्सर लावला की दुकानातनं ओरड यायची, "पाटा-वरवंटा चोरीला गेला काय गं?" आणि अशात सरकारनं शंभर युनिटांच्या आतल्यांचा दर कमी केला. ह्यांचं घर दीडशेच्या वरचं. नुसता जळफळाट!

दोन दिवस अप्पांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. खाली आपण नवरा-बायको, वर मुलगा विरूपाक्ष, सून दामिनी आणि सहा वर्षांची नात शिवांगी. मीटरं दोन घेतली की दोन्हीकडं शंभरच्या आत! पण ओळखीच्या वायरमननं सांगितलं, दुसरं मीटर पाहिजे तर चूल वेगळी पाहिजे, साहेब स्वतः बघायला येतो.

मग काय, अप्पांनी आपल्या हातानं घरातली जादाची शेगडी वर नेऊन ठेवली. "दामिनी, चार दिवसांचं नाटक हाय बघ. साहेब येऊन गेला की परत खाली."

"हाव मामा," दामिनी म्हणाली. इतकी पटकन म्हणाली, की कुणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. अप्पांना आली नाही.

साहेब काही लवकर उगवेना. इकडं दामिनीनं कुकर आणला, कढया आणल्या. "भांड्यावरचा टॅक्स कमी झालाय मामा, घ्यायचं तर आत्ताच." मग मोठा टीव्ही आला. "ह्याच्यावरचा बी झालाय." अप्पांनी टॅक्स किती वाचला ते बोटांवर मोजलं आणि खूश झाले. सून आपल्या वळणावर गेली म्हणून गल्लीभर कौतुक केलं. धन्य तो माणूस!

चुकचुकायला लागलं ते जेवताना. शिवांगी आजवर अज्जाच्याच ताटात जेवायची. गव्हाची गोड हुग्गी केली की वाटी तिच्याकडं, आणि वाटी चाटूनपुसून झाली की बोटं अज्जाच्या धोतराला. आता अप्पा लिंगपूजा उरकून पाटावर बसायचे आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारायचे, "शिवांगी, ये गं!"

"मी जेवले अज्जा!" वरनं आवाज यायचा, आणि मागनं त्या टीव्हीचा.

नीलम्माच्या हातची चव तीच, पण अप्पांचा घास तोंडात फिरायला लागला. साहेब कधी येतो आणि हे सोंग कधी संपतं, असं त्यांना झालं.

शेवटी साहेब आला. दोन चुली बघितल्या, दोन्ही मजल्यांवर चहा प्याला आणि मंजुरी देऊन गेला. मीटर बसलं, पुढं बिलंही आली. दोन्ही शंभरच्या आत! अप्पांनी ती चारचौघांना दाखवली आणि घरी येऊन जिन्यातनं हाक दिली, "दामिनी, झालं गं नाटक! आण शेगडी खाली!"

दामिनी खाली आली, रिकाम्या हातानं. मागं विरूपाक्ष, मान खाली घालून.

"मामा, राहू द्या की वरच. साहेबाला कळलं तर मीटर जाईल, बिल वाढंल ना."

"वाढू दे!" अप्पा बोलून गेले. स्वतःच्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना. "खड्ड्यात गेलं ते बिल. दुसरं मीटर काढून टाकतो. मला पोरीबिगर करमत न्हाई, जेवण जात न्हाई."

दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "पोरीला पाठवीन मी खाली. तुमचं बी बिल आमीच भरू मामा, दोन्ही भरू. पर चूल वरच राहू द्या."

आपलं बिल दुसऱ्यानं भरावं, हे अप्पांचं जन्माचं स्वप्न. ते असं समोर येऊन उभं राहिलं आणि अप्पांना रडू फुटलं. निदान ही तरी आपल्या बाजूनं बोलेल, म्हणून त्यांनी नीलम्माकडं बघितलं.

नीलम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. "राहू द्या तिला," ती म्हणाली. "मी बी मागितली व्हती येगळी चूल. तुमच्या आईनं दिली न्हाई, आन् तुमी तिथंच बसून जेवत व्हते."