राणी कलरचे अकरा काकाजी

शेखर गेल्याची बातमी आली तेव्हा मी शिडीवर होतो, आणि फोन उचलून मी पहिल्यांदा काय बोललो ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. रोज सकाळी नवाच्या सुमारास पुण्याहून त्याचा फोन यायचा आणि विषय एकच असायचा, आमच्या गावी, केशोरीत, त्यांच्या घराभोवती आणि आसपासच्या रस्त्यांवर लावलेले पाच कॅमेरे. ‘दादा, तीन नंबरवर कोळ्याचं जाळं हाये.’ ‘दादा, दोन नंबरवर चिमणी बसून राहिली, नुसती शेपटी दिसते.’ शेखर माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. केशोरीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे शिडी माझी, फडका माझा आणि हुकूम त्याचा अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी फोन वाजला, मी नाव न बघताच उचलला आणि ओरडलो, ‘अबे, पुसून राहिलो ना! मरून राहिला का तिकडे?’ पलीकडे मधुरा होती, त्याची बायको. ती म्हणाली, ‘दादा, शेखर गेला.’ सकाळी फिरायला म्हणून गेलेला माणूस बागेतल्या बाकावर बसला, तो उठलाच नाही. मी शिडीवरून कसा उतरलो ते मला माहीत नाही. फडका मात्र हातातच होता.

शेखर पुण्यात मोठा संशोधक होता असं लोक म्हणतात, आणि ते खरंही असावं, कारण त्याचं काम काय हे त्यानं मला चार वेळा समजावलं आणि चारही वेळा मला झोप आली. मला कळलं ते एवढंच. बाजारात हजार माणसं आहेत, दहा कॅमेरे आहेत. त्यातला एक माणूस पहिल्या कॅमेऱ्यातून निघून गर्दीत शिरला आणि सातव्यात बाहेर पडला, तर हा तोच माणूस, हे मशीनला ओळखता आलं पाहिजे. मशीन प्रत्येकाभोवती एक चौकोन काढतं, त्यावर नंबर टाकतं आणि त्या नंबराचा माग सोडत नाही. यासाठी परदेशातून त्याला बोलावणी यायची. मी हसायचो. कारण हाच शेखर लहानपणी म्हशी राखायला गेला की संध्याकाळी हटकून दुसऱ्याची म्हैस घरी आणायचा. एकदा तर त्यानं आणलेली म्हैस काकूनं बांधली, दोहली, आणि दूध तापवत असताना खरा मालक काठी घेऊन दारात उभा राहिला. ज्याला स्वतःची म्हैस ओळखता आली नाही, त्याच्यावर माणसं ओळखायचं काम सोपवणाऱ्यांचं मला कायम कौतुक वाटत आलं.

काकू गेल्यावर काकाजी, म्हणजे शेखरचे वडील, एकटेच राहिले. घर भिंतीला भिंत लागून, जेवण आमच्याकडे, तशी काळजी नव्हती. पण हळूहळू त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग घरी परतायची वाट. एका हिवाळ्यात ते दुपारी निघाले आणि दिवस बुडायच्या आधी नाल्यापलीकडे सापडले, पायात चप्पल नाही, अंगात कापरं. मधुराचं म्हणणं सरळ होतं, की त्यांना पुण्याला आणू. काकाजींचं म्हणणं त्याहून सरळ होतं, ‘मी नाही येत. तिथं मले कोनी ओळखत नाही आन् मीही कोनाले ओळखत नाही. मंग कायले येऊ?’ तेव्हा शेखरनं बायकोला शब्द दिला. बाबूजी मला रोज दिसत राहतील तोवर ते केशोरीत राहतील. ज्या दिवशी दिसेनासे होतील, त्या दिवशी मी स्वतः त्यांना घेऊन येईन. काकाजींचं घर त्या पाच कॅमेऱ्यांवर टिकून होतं, असं म्हटलं तरी चालेल.

गावानं कॅमेऱ्यांचं स्वागत गावाच्या पद्धतीनं केलं. भिंतीआड बिडी ओढणारे दुसऱ्या भिंतीआड गेले. कोणाचं उगाच चित्रण नको म्हणून शेखरनं काकाजी सोडून बाकी सगळ्यांचे चेहरे पुसट करून टाकले होते. त्याला वाटलं, लोक खूश होतील. एकदा त्यानं मोबाइलवर गल्लीतल्या बायकांना ते दाखवलं तर शेजारची सुमनबाई उसळलीच, ‘बुढ्याचं तोंड साफ दिसते आन् आमाले काऊन पुसलं गा? आमी का चोर हावो?’ आणि काकाजी? त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे शेखरचा डोळाच. जेवण झालं की वर बघून सांगायचे, ‘जेवलो.’ बिडीची तलफ आली की मात्र खांद्यावरचा दुपट्टा काढून नीट कॅमेऱ्यावर टाकायचे. मग पुण्याहून मला फोन... ‘दादा, अंधार झाला.’

आता राणी कलरचं सांगतो, कारण त्यात पाप माझं आहे. मशीन माणूस ओळखायचं ते बरंचसं कपड्यांच्या रंगावरून, आणि आमच्याकडचे सगळे म्हातारे पांढऱ्या सदऱ्यात. म्हणून शेखरनं डोकं चालवलं. गावात एकाही पुरुषाच्या अंगावर दिसणार नाही असा रंग शोधला आणि दिवाळीला वडिलांसाठी शर्टाचं कापड पाठवलं. भडक राणी कलर! काकाजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘मोरेश्वर, मंडई जवळ आली. पोरानं कापड पाठवलं आन् मी एकट्यानंच घातलं, तं भावकी का म्हनंल?’ आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, पाहुणे येतात, नाटक होतं, आणि अशा वेळी एकट्यानं नवा कपडा घालून मिरवणं म्हणजे शोभा करून घेणं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी अर्जुनी मोरगावला जाऊन तसल्याच कापडाचं अख्खं थान आणलं. काकाजींच्या बरोबरीचे भावकीतले दहा म्हातारे, अकरावे ते स्वतः. एकाच टेलरनं एकाच मापानं अकरा शर्ट शिवले. शेखरला हे सांगावं असं मला सुचलंही नाही. म्हाताऱ्यांच्या शर्टांची बातमी कोण कोणाला देतो?

मंडईच्या दिवशी दुपारी काकाजी घरात दिसेनात. शेखर पुण्यात मशीनसमोर, लांबच्या गर्दीत त्याला चेहरे कळेनात, फक्त रंग दिसे; मी फोन कानाला लावून गर्दीत. ‘दादा, बाबूजी शाळेजवळ.’ मी धावलो, तर ते भावकीतले तुकारामबुवा, जिलबी खात होते. ‘अरे, आता पानठेल्याजवळ!’ तिथं सीतारामबुवा. ‘आकाशपाळण्यात...’ असं म्हणून तो स्वतःच थांबला. मग बारीक आवाज आला, ‘दादा, मले अकरा बाबूजी दिसून राहिले.’ खरं म्हणजे दहाच होते, एकाला मशीननं दोनदा मोजलं होतं. मी थानाची हकीकत सांगितली. तो मला काय म्हणाला ते या पुरवणीत छापता येणार नाही.

हसायची ती वेळ नव्हती. तीन तास झाले होते आणि नाला आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. शेवटी शेखरनं मशीनचं ऐकणं बंद केलं. चौकोन नको, नंबर नको, पाचही कॅमेऱ्यांचं दुपारपासूनचं चित्रण तो साध्या डोळ्यांनी बघत बसला. आणि पाच नंबरच्या कॅमेऱ्यात, पार कडेला, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरणारा एक म्हातारा त्याला दिसला. अंगात पांढरं बनियान. तो धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, थांबला, वाकला, एक लोंब तोडली, दाणा दाताखाली धरला, मान हलवली आणि पुढच्या बांधीकडे गेला. ‘दादा, ते पाह्य! बाबूजी!’ शेखर ओरडला आणि ओरडता ओरडता रडायला लागला. मी पोचलो तेव्हा काकाजी तिसऱ्याच्याच शेतात धान तपासत होते. शर्ट घडी करून काखेत. म्हटलं, हा काऊन काढला? तर माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत म्हणाले, ‘नवा कपडा घालून कोनी बांधीत जाते का बे?’ अख्ख्या केशोरीत राणी कलर न घातलेला त्या पिढीचा माणूस तेवढा तो एकच होता.

पुढे शेखर आपल्या भाषणांची सुरुवात या गोष्टीनं करायचा म्हणे. लोक खूप हसायचे. रडल्याचं तो सांगत नसे, ते मी सांगतोय.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मधुरा आली ती परतीची दोन तिकिटं काढूनच. तिचं चुकत नव्हतं. बघणाराच राहिला नाही, तर कॅमेरे काय कामाचे? काकाजींना आम्ही दोनदा खरं सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळले आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, ‘शेखर कुठं गेला?’ तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही. मधुरा बाजूच्या खोलीत शेखरच्या लॅपटॉपवरून मशीन बंद करायला बसली. ती गणित शिकवते, तिला त्यातलं कळतं. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली.

‘दादा, माणूस झाडाआड गेला की मशीन काही सेकंद वाट बघतं. नाही दिसला की हरवला म्हणून त्याचा नंबर खोडून टाकतं. गावातल्या सगळ्यांसाठी शेखरनं तीस सेकंद ठेवलेत.’ तिनं पडद्यावर बोट ठेवलं. ‘बाबूजींच्या नंबरापुढे आकडाच नाही. मोजूच नको, असं सांगून ठेवलंय. ते कितीही वेळ दिसले नाहीत तरी हरवले म्हणायचं नाही.’ मग ती रडता रडता हसली, ‘त्याच्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं ना, तर यानं त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.’

मशीन चालू ठेवूनच ती उठली. दोनातलं एक तिकीट मी संध्याकाळी रद्द केलं, आणि आता पुण्याहून मधुरा बघते. पण त्या वेळी ती ओसरीवर आली तेव्हा काकाजी बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलंच, ‘पोरी, शेखर कुठं गेला?’ मधुरा दाराशी उभी राहिली.

‘दिसत नाहीये, बाबूजी,’ ती म्हणाली.

काकाजींनी मान डोलावली आणि बाजेवर थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली. ‘मंग बस ना. उभ्यानं काऊन वाट पाहून राहिली?’