चांदीचा गडू कोणी नेला?

मी चौथीत होते तेव्हा आमच्या अमरावतीच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यात बहुतेक थोरामोठ्यांची चरित्रं होती. त्यातले सगळे थोर पाळण्यात असल्यापासूनच थोर होते, त्यामुळे त्यांच्यापासून आम्हाला काही धोका नव्हता. पण खालच्या फळीवर एक गोष्टीचं पुस्तक होतं. ते मी इतक्या वेळा घरी नेलं, की शेवटी बाईंनी वहीत माझं नाव लिहिणंच सोडून दिलं.

गोष्ट अशी. पुण्याचा एक हुशार मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या गावी येतो. मामाचं घर मोठं, घरात देवघर, देवघरात मामीनं माहेरून आणलेला चांदीचा गडू. एके सकाळी गडू गायब. मामा डोक्याला हात लावून बसतो, मामी रडते, फौजदार मिशीवर ताव देतो. तेवढ्यात हा मुलगा खिशातून भिंग काढतो, अंगणात अनवाणी पावलांचे ठसे शोधतो आणि त्यांच्या मागोमाग गावकुसाबाहेरच्या एका झोपडीपर्यंत जातो. झोपडीत काळा, तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस असतो. घोंगडीखाली गडू सापडतो. माणूस पाया पडतो. मुलगा त्याला दीड पान प्रामाणिकपणा शिकवतो आणि मग फौजदाराच्या हवाली करतो. शेवटी साजूक तुपातला शिरा.

मला ते पुस्तक पाठ होतं. आमच्या वस्तीत मी त्याचं नाटक बसवलं होतं. हुशार मुलगा अर्थातच मी. वडिलांची जुनी टोपी डोक्यावर आणि भिंग म्हणून फुटक्या बाटलीचं बूड. चोर माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला चोर व्हायचं नव्हतं. मी त्याला आईच्या जुन्या लुगड्यानं लिंबाच्या झाडाला बांधलं आणि तो रडत असताना पुस्तकातलं दीड पान म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. बायका टाळ्या वाजवत होत्या. कचेरीत शिपाई असलेले माझे वडील शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा, कशी बोलते! पुन्याच्या बाईवानी."

त्या दिवशी मी जितकी खूश होते, तितकी नंतर मॅट्रिकच्या निकालालाही नव्हते.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मी शिकत राहिले, मास्तरीण झाले, लग्न होऊन अकोल्याला आले आणि मुलींच्या एका शाळेत लागले. घरी नवरा, मी आणि सासूबाई. त्या तिवशाकडच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. सारे दात पडले होते, कान मात्र तिखट होते. मी त्यांना आत्याबाई म्हणे.

एका हिवाळ्यात आमच्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, शिक्षकांच्या खोलीत अक्षरशः धावत आल्या. पुण्याचे एक नामांकित बालसाहित्यिक वऱ्हाडच्या दौऱ्यावर येणार होते आणि आमच्या बक्षीस समारंभाला हजर राहायला कबूल झाले होते. मोठ्या बाईंनी त्यांच्या पुस्तकांची नावं वाचून दाखवली. तिसरं नाव ऐकलं आणि मी खुर्चीवरून उठलेच.

"हे मला पाठ आहे!"

कुणीही विचारलेलं नव्हतं. पण पहिलं पान मी म्हणूनही दाखवलं. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तयारीसाठी त्यांनी शाळेच्या कपाटातली प्रत माझ्या हाती दिली. बारा-तेरा वर्षांनी ते पुस्तक मी पुन्हा घरी नेलं.

संध्याकाळी आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"कायचं पुस्तक होय?"

"लेकरांचं आहे, आत्याबाई. गोष्टीचं."

"मंग वाच ना मोठ्यानं. माह्या तोंडात तरी कुठी दात आहेत? मीबी लेकरूच होय."

मी वाचायला लागले. आवाज आपोआप चौथीतला झाला. आत्याबाई शेंगा सोलता सोलता हुंकार देत होत्या. गडू गेला तेव्हा त्या हळहळल्या. मुलानं भिंग काढून अंगणातले ठसे पाहिले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"ठसे कायचे मनतं?"

"अनवाणी पायांचे. त्यावरून त्याला कळलं की चोर..."

"थांब. त्या गावात जोडे कोनाच्या पायात होते?"

मी आठवून पाहिलं. पुस्तकात दोघांच्याच जोड्यांचा उल्लेख होता. "त्या मुलाच्या. आणि मामाच्या."

"मंग ते दोघं सोडून सारा गावच चोर झाला ना व!"

मी हसले आणि पुढे वाचलं. मुलगा झोपडीपाशी पोचला. आत्याबाईंचे हात थांबले.

"हा मानूस राह्यते कुठी?"

"गावकुसाबाहेर."

"म्हंजे आपल्यातलाच."

"पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, आत्याबाई."

"लिहाले कायले लागते? गावकुसाबाहेर काय कलेक्टर राह्यते?"

त्यांनी सूप बाजूला सारलं. आता त्या पुढे सरकून बसल्या, जणू फौजदारानं केस त्यांच्याकडे सोपवली होती.

"गडू होता कुठी?"

"देवघरात."

"आमाले त्या वक्ती अशा घराच्या ओसरीवर पाय ठेवू देत नोते. पानी वरतून वाढत. आन् हा बाप्पा चालत थेट देवघरात गेला, गडू उचलला, आन् घरात कोनालेच दिसला नाई? अवं, त्याची सावली पडली असती तरी बोंब उठली असती!"

"मग नेला कोणी?" मी जरा चिडूनच विचारलं.

"घरातल्यानं. मामानं. गडू मामीच्या माहेरचा होता मनलं ना तू? बायकोच्या माहेरचा जिन्नस नवऱ्याशिवाय कोन उचलते? कायले उचलला ते त्याले इचारा मना. त्या पोट्ट्याच्या भिंगातून मामा दिसला नाई कावून?"

"आत्याबाई, ही लहान मुलांची गोष्ट आहे."

"मनूनच तं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मला राग आला होता, तोही लेखकाचा नाही, त्यांचा. माझ्या जन्मभराच्या लाडक्या वस्तूवर एका अडाणी बाईनं तुरीची टरफलं टाकली होती. मी पुस्तक घेऊन आत गेले आणि आत्याबाई चुकीच्या आहेत हे सिद्ध करायला ते पुन्हा वाचायला बसले. त्या चुकीच्या निघाल्या नाहीत. त्या माणसाला पुस्तकभर नाव नव्हतं. गावातल्या कुत्र्याला होतं. त्या माणसाचे तांबारलेले डोळे हा लेखकानं दिलेला मोठा पुरावा होता. माझ्या वडिलांचे डोळेही तसेच होते, दप्तरखान्यातल्या धुळीनं. लहानपणी ही ओळ मी शंभरदा म्हटली असेल, समोर बसलेल्या बापाकडे पाहत, आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. सगळी वस्ती त्या चोराच्या शेजारी राहत होती आणि सगळ्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या होत्या. भाऊ तेवढा रडला होता. आमच्यात अक्कल त्यालाच होती म्हणायची.

आता मी समारंभात काय केलं ते सांगते. मी काहीही केलं नाही. कडक स्टार्चची साडी नेसून व्यासपीठावर उभी राहिले आणि पाहुण्यांची दहा मिनिटं स्तुती केली. बालमनाची जाण, संस्कारांचं सिंचन, जे जे त्या काळी म्हणायची पद्धत होती ते सगळं म्हटलं, आणि वर पहिलं पान तोंडपाठ. लेखक वृद्ध, गोरेपान, मफलर गुंडाळलेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि नंतर मला म्हणाले, "वा! तुमचे उच्चार इतके स्वच्छ! तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"अमरावतीच्या."

"नाही, पण मूळच्या?"

मी पुन्हा अमरावती म्हटलं. त्यांचं समाधान झालं नाही.

भाषण झाल्यावर त्यांनी मुलींना सांगितलं, काही शंका असतील तर विचारा. मुलींना आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी हात वर करायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे सभेत पूर्ण शांतता. मोठ्या बाई आभाराला उठणार, इतक्यात मागच्या सतरंजीवर, माझं भाषण ऐकायला येऊन पालक बायकांमध्ये बसलेल्या आत्याबाई उभ्या राहिल्या.

"मले इचारायचं हाये."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हारातली फुलं मोजायला लागले.

"विचारा, आजी," लेखक प्रेमानं म्हणाले.

"तुमच्या गोष्टीतला तो चोर देवघरात गेला कसा?"

लेखक हसले. "आजी, चोर म्हटला की तो कुठेही जातो."

"बाकीचे जात असतीन. त्याले कोन जाऊ देते? आन् पाय तं साऱ्या गावाचे उघडे होते. मंग ठसे त्याचेच कावून?"

सतरंजीवर बायका पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, खाली बसा. गोष्ट काल्पनिक असते."

"असंन ना. पन मनातूनच काढाचा होता, तं चोर मामाले कराले काय हरकत होती?"

आता मुलीही हसल्या. लेखक मात्र चिडले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ते गंभीर झाले. त्यांनी आतल्या खिशातून छोटी वही काढली, आत्याबाईंना सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि एकेक मुद्दा लिहून घेतला. म्हणाले, "आजी, तुम्ही माझे डोळे उघडलेत." टाळ्या पडल्या. चहा-चिवडा झाला तेव्हाही ते आत्याबाईंच्या शेजारी बसले होते. "'कावून' म्हणजे 'का' ना? आणि 'मले'? वा, काय गोडवा आहे!" वहीत तेही गेलं.

घरी जाताना मी आत्याबाईंची माफी मागितली, गप्प राहिल्याबद्दल. त्या म्हणाल्या, "तुही नोकरी होय ते. माही कुठी नोकरी हाये?" आणि मग, जरा वेळानं, "मानूस बरा वाटला. आयकून घेतलं त्यानं." मलाही तो बरा वाटला. आपल्या घरच्या बाईनं पुण्याच्या माणसाला शिकवलं, ही गोष्ट मी पुढची दोन वर्षं ज्याला त्याला सांगत होते.

दोन वर्षांनी पुस्तकाची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. मोठ्या बाईंनी शाळेसाठी चार प्रती मागवल्या. प्रस्तावनेत लेखकानं वऱ्हाडातल्या एका निरक्षर पण चाणाक्ष वृद्धेचे आभार मानले होते. मी पुस्तक छातीशी धरून घरी आले आणि आत्याबाईंना हाक मारली.

सुधारणा खरोखर झाल्या होत्या. चोर आता देवघरात चालत जात नव्हता. तो कौलं काढून दोरानं उतरत होता, त्यामुळे घरात कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. ठसे अनवाणीच होते, पण आता डाव्या पायाला सहा बोटं होती, आणि साऱ्या गावात सहा बोटांचा माणूस एकच. मामा तर गडू गेला तेव्हा तालुक्याच्या गावी होता, दोन साक्षीदारांसह. आणि चोर, जो पहिल्या आवृत्तीत नुसता पाया पडत होता, तो आता बोलत होता. "मले सोडा, मालक, मी पुन्यांदा करत नाई," असं म्हणत होता. पुस्तकातल्या बाकीच्या सगळ्यांचे उच्चार स्वच्छ होते.

आत्याबाईंनी खटल्यातल्या साऱ्या फटी दाखवल्या होत्या आणि त्या गृहस्थांनी त्या एकेक करून बुजवल्या होत्या.

मी वाचून संपवलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता पक्का बसला. आता सुटत नाई तो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पन त्याचा नाई. माह्या तोंडाचा. मी कायले सांगत बसली त्याले?"

नंतर कितीतरी दिवस त्या पुस्तकाचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

वाचनाचा तास माझ्याकडेच होता. चारही नव्या प्रती मोठ्या बाईंनी टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. मी त्या उघडल्या नाहीत. मुलींना गोष्ट तोंडी सांगितली, पण तपास आत्याबाईंच्या पद्धतीनं केला. गावात जोडे कोणाच्या पायात होते? देवघरात कोणाला जाता येत होतं? गडू कोणाच्या माहेरचा होता? मुली बाकांवर उभ्या राहून उत्तरं देत होत्या. शेवटी साऱ्या वर्गानं एका आवाजात मामाला पकडलं. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी बोलावलं. एका मुलीनं घरी जाऊन गोष्ट सांगितली होती आणि तिच्या घरात मामा पाहुणे आलेले होते.

"मामा चोर?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मामा कसा चोर असेल हो?"

"तपास तिकडेच जातो, बाई."

"लेखकांनी स्वतः सुधारून दिलेली आवृत्ती आहे. तीत सगळं स्पष्ट आहे. सहा बोटं आहेत!"

मी म्हटलं, "सहा बोटं त्यांनी मागाहून लावली."

ही एवढीच माझी बहादुरी, आणि तीही अंमळ उशिराची. वाचनाचा तास माझ्याकडून गेला आणि शिवणाचा आला. पुढे तीन वर्षं मी काजं-बटणं शिकवली. मुली सुया हातात घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, बाई, मामाची गोष्ट सांगा ना. काजं काही त्यांना फारशी आली नाहीत.