चार दिवसांची अडचण

"शेवंते, पायरी धू."

वहिनीसाहेबांनी हे माझ्या आईला सांगितलं. भर सकाळी, देवळासमोर, पन्नास-साठ बायकांच्या देखत. आई साठी ओलांडलेली, वहिनीसाहेब चाळिशीच्या. पण आमच्या वस्तीतल्या बाईला गावात वय नसतं. पांढऱ्या केसांच्या आईला शाळेतली पोरंसुद्धा शेवंताच म्हणतात.

आई थकून पायरीवर टेकली होती. उठली, तेव्हा दगडावर डाग होता. लाल, तळहाताएवढा.

"आगं बया, म्हातारीला परत पाळी आली!" कुणीतरी ओरडलं.

"विधवा बाई, आन् आता पाळना हलतोय का काय!" दुसरीनं भर घातली. सगळ्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, पण हसल्या.

आईनं लुगड्याचा पदर मागं ओढून घेतला. विटाळाच्या बाईनं देवळाच्या बादलीला हात लावायचा नाही, म्हणून पाणी मी ओतायचं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी ओतलं. आईनं नारळाच्या शेंडीनं दगड घासला. माझ्या अंगावर आशा सेविकेची सरकारी साडी होती, गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं, आणि मी पाणी ओतत होते. "त्या कोपऱ्यात अजून ऱ्हायलंय," वहिनीसाहेब म्हणाल्या. त्या कोपऱ्यातही मी ओतलं.

आता त्या दिवशी देवळासमोर काय होतं ते सांगते. कॅन्सर तपासणीचं शिबिर होतं. फक्त बायकांचं, मोफत. वहिनीसाहेब म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदाराची बायको, महिला मंडळाच्या अध्यक्षा. आई त्यांच्याच उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जायची. शिबिर त्यांनी आणलं, म्हणून जागाही त्यांनी ठरवली. देवळाचा सभामंडप. पंखे आहेत, फरशी आहे, आणि भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे. मंडपाच्या पलीकडं भांडी ठेवायची खोली. तिथं पडदे बांधून तपासणी. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तपासून घ्यायचा, तर बाईनं आधी मंडप ओलांडायचा. आणि अंगावरून जात असलेली बाई मंडपात पाय ठेवत नाही. आमच्याकडं कुठलीच बाई ठेवत नाही, वस्तीतली असो की गावातली.

दारात टेबल होतं. शहरातून आलेली सिस्टर प्रत्येकीला विचारत होती, "अडचण आहे का?"

आमच्याकडं पाळी म्हणत नाहीत. अडचण म्हणतात. अडचण आहे म्हटलं की सिस्टर सांगायची, "मग आज नको. अडचण संपली की पुढच्या वेळी या." तिचं चुकत नव्हतं. पाळी चालू असताना ती तपासणी करत नाहीत. माझं चुकत होतं. कारण मला माहीत होतं की आईची पाळी बंद होऊन तेरा वर्षं झाली आहेत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ती अडचण नसते. ती धोक्याची खूण असते. मला ट्रेनिंगला हेच शिकवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी हात मी वर केला होता. शाबासकी मिळाली होती.

आईला सिस्टरनं विचारलं, "आजी, अडचण आहे का?"

आई लाजत म्हणाली, "हाय बगा."

सिस्टरनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "पुढच्या वेळी."

मी शेजारीच उभी होते. वहिनीसाहेब दोन हातांवर. मी तोंड उघडणार होते. पण आई मागं फिरून पायरीवर बसली, आणि पुढचं सगळं झालं.

दुपारी सामान आवरताना वहिनीसाहेबांनी यादी मागितली. त्या मला आशा म्हणतात. माझं नाव आशा नाही, तो माझ्या कामाचा हुद्दा आहे, पण त्यांना ते एकच वाटतं. म्हणाल्या, "आशा, वस्तीतल्या तिघी राहिल्यात. वरून साहेब येणारेत. यादी अर्धी दिसायला नको. ठीक लिही आणि सोड."

तिघी म्हणजे आई, हौसाक्का आणि शेजारची एक तरणी सून. तिघींनाही अडचण होती. मी तिघींच्या नावापुढं लिहिलं. तपासले. ठीक. खाली सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

त्या दिवसापासून आई बाजूला बसली.

नवऱ्यानं सोडल्यापासून मी आईकडंच राहते. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची छपरी. बाजूला बसायचं म्हणजे छपरीत पोत्यावर बसायचं, ताटवाटी वेगळी, चूल शिवायची नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. लहानपणापासून मी हेच बघत आले. आईनं तेरा वर्षांनी पोतं परत काढलं. जुन्या सवयीनं.

चौथा दिवस उजाडला. मी पाणी तापवलं. आई म्हणाली, "आजून न्हाई गं."

आठवा दिवस. "आजून न्हाई."

पंधराव्या दिवशी मी विचारायचं सोडलं. कुंपणावर तिच्या फडक्यांची संख्या वाढत गेली. ती धुऊन जुन्या साडीखाली वाळत घालायची. छपरीतून वास यायला लागला. मासळी नासल्यासारखा. ती उदबत्ती लावायची. ट्रेनिंगमध्ये या वासाचंही सांगितलं होतं. मी रोज सकाळी बाहेर पडून दुसऱ्यांच्या घरी लोहाच्या गोळ्या वाटत होते, बाळांची वजनं करत होते, आणि छपरीजवळून जाताना श्वास रोखत होते.

वहिनीसाहेबांच्या उसात भांगलायला मात्र ती रोज जात होती. तिथं तिला कुणी अडचण विचारत नव्हतं.

मी का नेलं नाही? हा प्रश्न मला आता सगळे विचारतात. खरं उत्तर देते. मी घाबरले होते. तालुक्याला नेलं, तर ते जुनी नोंद बघणार. नोंदीत माझ्या हातचं ठीक. आई मरेल याच्यापेक्षा माझं खोटं सापडेल याची भीती मला जास्त वाटत होती. हे लिहायला लाज वाटते. लिहिते आहे.

अडीच महिने गेले. मग एक दिवस ती उसाच्या सरीतच पडली. बायकांनी उचलून बांधावर आणली. लुगडं रक्तानं भिजलेलं. त्या बायकांत देवळापुढं हसलेल्या दोघी होत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

गावातून इस्लामपूर, तिथून गाडी बदलून मिरज. एसटीत आईनं सीटवर पोतं अंथरलं. सीट बाटू नये म्हणून. मी ते काढायला गेले, तर माझा हात धरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोकांची गाडी हाय." मला तिचा राग आला. मग माझाच आला. 

मिरजेत दवाखाने लय. कुठल्या दवाखान्यात गेलो ते सांगत नाही. डॉक्टर बाई तरुण होती. तपासून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिनं कागद ओढला.

"आजी, याआधी कधी तपासणी झाली होती का? गावात शिबिर वगैरे?"

मी खाली बघत होते. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "झाली की. लेक माजी सरकारी हाय. तिनंच लिवलंय, समदं ठीक हाय म्हनून."

ती कधीच आत गेली नव्हती. तिला कुणी पडद्याआड नेलं नव्हतं. आणि तिला यादीतलंही माहीत होतं. कुणी सांगितलं कोण जाणे. अडीच महिने छपरीत पोत्यावर बसून तिनं ते पोटात ठेवलं होतं, आणि आता ती माझी नोकरी वाचवत होती. अंगातून रक्त जात असताना. तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. रडू आलं नाही.

"खोटं हाय," मी म्हणाले. "तपासणी झाली न्हाई. देवळात शिबिर हुतं, तिला आत येऊ दिलं न्हाई. ठीक म्हनून मीच लिवलं."

आई म्हणाली, "गप गं."

"न्हाई गपनार."

डॉक्टर बाईचं पेन थांबलं. मला वाटलं आता ती ओरडेल. तिनं हळूच विचारलं, "असं किती जणींचं लिहिलंत?"

"तिघींचं."

"बाकीच्या दोघी कुठं आहेत?"

 त्या दोघींचा मी एकदाही विचार केला नव्हता.

आईला कॅन्सरच होता, गाठ शेजारी पसरली होती. ऑपरेशन होणार नव्हतं. शेक द्यायचा, म्हणजे मशीनखाली झोपवून किरण सोडायचे, आठवड्यातले पाच दिवस, पाचसहा आठवडे. "आधी आणलं असतं तर?" मी विचारलं. डॉक्टर बाई म्हणाली, "तर मी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असतं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींना शोधायला निघाले. तरण्या सुनेची पाळीच होती, साधी, वेळेवर येऊन गेलेली. तिला तालुक्याला नेऊन तपासलं. काही नव्हतं. हौसाक्का बावन्न वर्षांची, ती लेकीकडं आटपाडीला गेली होती. तिकडं गेले. लेकीच्या घरामागं शेळ्यांचं छप्पर होतं, तिथं एका कोपऱ्यात बसली होती. पोत्यावर. वेगळी ताटवाटी शेजारी.

"आक्का, हितं का?"

"आगं, अडचण हाय. चार दिस झालं की जाईन आत."

"कवा बसलीस?"

तिनं बोटं मोजली. मोजता मोजता थांबली. "संकष्टीच्या आदी," म्हणाली. ती संकष्टी जाऊन दुसरी येऊन गेली होती. वास मला दारातच आला होता. मी तिला त्याच दिवशी मिरजेला घेऊन गेले. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट अजून आलेला नाही. मी रोज फोन करते. पलीकडून रोज उद्या म्हणतात.

त्या रात्री मी चार ओळींचा अर्ज लिहिला. तिघींची खोटी नोंद मी केली. कुणाच्या सांगण्यावरून केली. देवळात काय झालं. सकाळी तालुक्याच्या आरोग्य कचेरीत दिला आणि पोच घेतली.

मागच्या आठवड्यात वहिनीसाहेबांनी वाड्यावर बोलावलं. दुसरं शिबिर ठरलंय. मंडळाच्या सात-आठ बायका खुर्च्यांवर बसलेल्या, मी दारात उभी.

"आईचं कळलं," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. पण देवाच्या दारातली गोष्ट, आपण काय करणार? यादी मागच्यासारखीच तयार ठेव."

मी म्हणाले, "देवानं पायरी धुवाया सांगितली न्हवती, वहिनीसाहेब. तुमी सांगितली. आन् पानी मी वतलं."

कुणाच्या तरी हातातला कप बशीवर वाजला.

"ह्या खेपेला देवळात शिबिर घ्यायचं न्हाई," मी म्हणाले. "आमच्या वस्तीत समाजमंदिर हाय. तितं घ्यायचं."

"गावातल्या बायका तिकडं येतील?"

"जिला जगायचंय ती ईल."

वहिनीसाहेब उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आशा, हे काम तुला मी लावलंय. उद्या राहणार नाही."

"ऱ्हाऊ नका देऊ. खोटं लिवल्याचं मी तालुक्याला लिवून दिलंय. कुनी लिवाया लावलं, ते बी."

मी परवानगी न घेता निघाले.  वाड्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता संपता संपत नव्हता.

परवा कचेरीतून कागद आलाय, खुलासा मागितलाय. काम जाईलही. आईला एसटीनं मिरजेला नेते-आणते, आठ शेक झालेत, बाकी आहेत. तिला अन्न जात नाही. ती वाचेल की नाही हे मला कुणी सांगत नाही, आणि मी आता विचारतही नाही. मी तिला छपरीतून उचलून घरात आणलंय, चुलीशेजारी, माझ्या अंथरुणावर. ती पहिल्या दिवशी रडली. घर बाटलं म्हणाली. मी म्हटलं, बाटू दे.

घरोघरी जाते. अजून ओळखपत्र काढून घेतलेलं नाही. अडचण हा शब्द मी सोडला आहे. सरळ विचारते. रक्त जातंय का? पाळी जाऊन किती वर्षं झाली? किती दिवस बाजूला बसलीस? बायका दचकतात. एकीनं दार लावून घेतलं. मी तिथंच उभी राहिले, तिनं परत उघडेपर्यंत. गावात आणि वस्तीत मिळून नऊ नावं निघाली आहेत. त्यातली तीन मोठ्या घरांतली आहेत, माडीवरच्या खोल्यांत बाजूला बसलेली.

समाजमंदिराची किल्ली माझ्याकडं आहे. डॉक्टर बाईनं येते म्हणून सांगितलंय. मंडळ आलं नाही तरी शिबिर होणार. मला कामावरून काढलं तरी होणार. जिच्या अंगावरून रक्त जातंय ती सगळ्यांच्या आधी आत जाईल. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. वहिनीसाहेब आल्या तर त्यांनीही थांबायचं, आणि थांबा असं त्यांना मी सांगणार आहे.