रुखवतातला अभ्यास

दिघाशीच्या सावळारामची मेघाली म्हणजे पायाला भिंगरी. जेवायला बसली तरी एक पाय हलतोय, देवापुढे हात जोडले तरी डोळे दाराकडे. "एका जागेवं बस की गो बाय!" असं सांगून सांगून तिच्या आईचं, रंगूबाईचं तोंड दुखायची वेळ आली. पण दिवेलागणीला हीच पोर भिंतीला पाठ लावून, मांडीवर डायरी घेऊन बसली, की अर्धा अर्धा तास हलायची नाही. डास चावले तरी नाही.

डायरी आली ती वळ गावाहून. सावळाराम तिथल्या एका गोडाऊनला वॉचमन. जानेवारी आला की ट्रान्सपोर्टवाले आपल्या नावाच्या डायऱ्या वाटायचे, वर लाल रेक्झिन आणि त्यावर सोनेरी ट्रक. शेठला झाली, सुपरवायझरला झाली, की उरलीसुरली एखादी वॉचमनला. सावळारामला त्यात काय लिहायचं असणार! मेघाली सहावीत होती तेव्हा त्याने ती तिच्या पुढ्यात टाकली, आणि मग दर वर्षीची डायरी तिचीच ठरली.

त्या डायरीत एक मोठीच गैरसोय होती. शनिवार-रविवार मिळून पान एकच. ट्रकवाल्यांना तेवढं पुरत असेल हो, पण मेघालीच्या आयुष्यात जे काही घडायचं ते नेमकं रविवारी! मग ती मुंगीएवढं अक्षर काढायची, समासात आडवं लिहायची, ट्रान्सपोर्टच्या फोन नंबरावरही लिहायची. आणि मंगळवारी "आज काहीच झालं नाही" एवढं लिहून अख्खं पान कोरं.

"काय लिवतंस गो येवढं?" रंगूबाईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

मेघालीने मानसुद्धा वर केली नाही. "अभ्यास," म्हणाली.

झालं! तो एक शब्द तिला वर्षानुवर्षं पुरला. रंगूबाईने शाळा पाहिली होती ती बाहेरून, गवताचा भारा डोक्यावर घेऊन जाता-येता. तिच्या लेखी देवाच्या खालोखाल अभ्यास. पोरीने डायरी उघडली की ती टीव्हीचा आवाज बारीक करायची, धाकट्या सागरला अंगणात पिटाळायची, शेजारीण हाका मारत आली तर दारातच तोंडावर बोट. "हळू बोल, बाय. पोरीचा अभ्यास चाललाय." भांडी होती, तीही स्वतःच घासायला घ्यायची. मेघालीला वाईट वाटायचं नाही का? वाटायचं की! ते ती डायरीत लिहायची, आणि तोवर आईची भांडी घासून व्हायची.

आता त्या डायऱ्यांत होतं तरी काय? सगळंच होतं. वैशालीशी, जिवाभावाच्या मैत्रिणीशी, झालेली भांडणं. गणिताच्या सरांच्या नाकातले केस. एस.टी.च्या थांब्यावर रोज दिसणारा एक मुलगा, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आई. आई तर पानोपानी होती.

त्यातलं बारावीच्या वर्षीचं एक पान आठवलं, की मेघाली आजही डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्या दिवशी पाहुणे आले होते. रंगूबाई सकाळपासून रांधत होती. सगळ्यांची पंगत उठल्यावर तिने उरलासुरला भात ओट्याशी उभ्यानेच खाल्ला, आणि हात पुसून लगेच धागा कटिंगचं गाठोडं पुढ्यात ओढलं. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी आणायची. सावळाराम पाहुण्यांदेखत खेकसला, "भाजीत मीठ हाय का न्हाय?" रंगूबाई म्हणाली, "चुकलं." बस्स, एवढंच. मेघाली आतून नुसती पेटली. पेन कागदात रुतवून तिने आईबद्दल लिहिलं, आणि असं लिहिलं की कुठल्याही आईने ऐकलं तर तिचं काळीज फाटावं. दुसऱ्या दिवशी राग उतरला. पान फाडायला तिने धरलंही, पण मागच्या बाजूला शनिवार-रविवार होता, वैशालीच्या ताईच्या लग्नाचा. तो कसा फाडणार? राहिलं तसंच.

सागर मोठा झाला, चोंबडा झाला, तशी डायऱ्यांना ट्रंक आली आणि ट्रंकेला कुलूप. किल्ली ठेवायची कुणाकडे? घरात वाचता न येणारं माणूस एकच. मेघालीने किल्ली आईला दिली, आणि देताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. रंगूबाईने मात्र ती मंगळसूत्राला पिनेने अडकवली, आंघोळीलाही काढली नाही.

पोरगी बी.कॉम. झाली, वळच्याच एका गोडाऊनला पार्सलांची एंट्री करायला लागली, तरी तिचा अभ्यास काही संपेना. रंगूबाईला त्याचं नवल वाटलं नाही. मोठी नोकरी, मोठा अभ्यास!

मग कोन गावच्या धनेशचं स्थळ आलं. स्वतःचा टेम्पो, बोलणं कमी, हसणं बरं. मेघालीला तो आवडला, त्याला ती आवडली, तिकडे काही अडलं नाही. अडलं ते साखरपुड्यात, धनेशच्या मावशीमुळे. बाई बोलायला फटकळ. पान चघळत तिने सगळ्यांदेखत विचारलं, "रुखवतात पोरीच्या हातचं काय ठेवताय? आमच्या धाकट्या हेमालीने ताईच्या लग्नात मोत्यांची महिरप केलेली. तुमच्या पोरीला विणकाम-भरतकाम काय येतं का न्हाय?"

येत होतं कुठे! मेघालीने आयुष्यात एक रुमाल भरायला घेतला होता, तोही सुईसकट हरवला. रंगूबाईने मान खाली घातली. ते तिला लागलं, आणि चांगलंच लागलं.

मेघालीचं त्याकडे लक्षच नव्हतं. तिला डायऱ्यांनी घोर लावला होता. सासरी न्याव्यात तर धनेश वाचणार, मावशी वाचणार, अख्खं कोन वाचणार. इथे ठेवाव्यात तर सागर टपून बसलेला. आणि एखाद्या संध्याकाळी आईने हौसेने त्याला म्हटलं, "वाच रे जरा ताईचा अभ्यास," तर? जाळाव्यात म्हणून एकदा ती ट्रंकेसमोर जाऊन बसलीही, पण नुसती बसूनच राहिली. सहावीतली मेघाली कशी जाळायची? ती कामावर चुकीच्या एंट्र्या करायला लागली. बोलता बोलता उठायची, पुन्हा बसायची. "लग्नाचं टेन्शन," म्हणून बायका हसायच्या. शेवटी तिने ठरवलं, हळदीच्या दिवशी वैशाली स्कूटीवरून येईल आणि जाताना सगळ्या डायऱ्या पिशवीत भरून आपल्या घरी नेईल.

पण हळदीचा दिवस म्हणजे काय विचारता! सकाळपासून घरात माणूस मावेना. एकदा हळद लागली की नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, इकडे हात लावायचा नाही, तिकडे जायचं नाही. पिवळीधमक मेघाली एका पाटावर बसून तळमळत होती. वैशालीला तिने आईकडे किल्ली आणायला पिटाळलं.

वैशाली हात हलवत परत आली. "देत नाय गं. म्हणते, तिला सांग, आयनं समदं बघितलंय, उद्या कळंल. आणि मेघा, मी ट्रंक बघितली. उघडी आहे. रिकामी."

मेघालीचं धाबं दणाणलं. "आई!" तिने तिथूनच हाक मारली. रंगूबाई हातात तांदळाचं ताट घेऊन घाईघाईत जात होती. तिने लेकीकडे बघितलं, गालातल्या गालात हसली आणि पुढे गेली. आता चाळीस बायकांच्या देखत ओरडून सांगायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. वऱ्हाड आलं, मांडव भरला. मेघाली मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसली होती, पण बसवेल तर शपथ. उठून खिडकीशी गेली. समोर मांडवाच्या कडेला रुखवताचं टेबल. लाडवांची ताटं, नटवलेला नारळ, पितळी भांडी, आणि मधोमध, अगदी मानाच्या जागी, जरीच्या कापडावर ओळीने मांडलेले सोनेरी ट्रक.

टेबलापाशी रंगूबाई उभी होती. कडक इस्त्रीची साडी, कपाळ भरून कुंकू, आणि मान अशी ताठ की मेघालीने ती तशी जन्मात पाहिली नव्हती. "पोरीच्या हातचं हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "सहावीपासूनचा अभ्यास. समदा तिनं सोता लिवलाय. बघा ना, हात लावून बघा!"

"बघू तर," धनेशची मावशी म्हणाली. "हेमाली, वाच गं. काय काय शिकलीय आमची सून?"

देवा रे! मेघाली निघाली. "अगो, नवरी भायेर कुटं!" कुणीतरी किंचाळलं, वैशालीने हात धरला, तो तिने झिडकारला. उंबरा ओलांडला. मांडवात माणसांची ही गर्दी! शालू पायात येतोय, मुंडावळ्या डोळ्यांवर येतायत, कुणी पोर वाटेत आडवं येतंय. पुढून हशा ऐकू आला. गणिताच्या सरांच्या नाकातले केस सापडले होते. मावशी पोट धरून हसत होती. रंगूबाईही हसत होती, पण जराशी बावरून. अभ्यासात सरांचं नाक कसं आलं, हे तिला कळेना.

"अजून वाच, अजून," बायका म्हणाल्या. हेमालीने दुसरी डायरी उचलली आणि मधेच उघडली. ज्या पानावर पेन रुतलेलं असतं, तिथेच मेली डायरी उघडते!

"हेमाली, नको!" मेघाली ओरडली. बाहेर बँडवाले जीव तोडून वाजवत होते, कोण ऐकतंय? हेमालीने मोठ्याने वाचायला घेतलं. पोरीचा आवाजही कसा खणखणीत!

"आई आज पण उभ्यानेच जेवली. बाबा सगळ्यांसमोर ओरडले तर म्हणाली चुकलं. काय चुकलं? तिला रागच येत नाही का? तिला काही पाहिजेच नसतं. काय पाहिजे तेसुद्धा तिला माहीत नसेल. जिवंत आहे की नुसती चालते-फिरते, कळत नाही. देवा, माझं काहीपण कर, पण मला आईसारखं..." हेमालीचा आवाज बसला. तोंडातून निघून गेलं ते गेलंच. "...आईसारखं करू नको."

मेघाली टेबलापाशी पोचली तेव्हा तिथे कुणी हसत नव्हतं. सावळाराम फेटा सावरत मागे उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. रंगूबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.  आई, मी रागात होते, आई, मी लहान होते, असं मेघालीला किती काय सांगायचं होतं.

मावशीने पान गालात सरकवलं. "हा अभ्यास होय? आईला रुखवतात मांडलीय पोरीने!"

सगळे रंगूबाईकडे बघायला लागले. आता ती म्हणणार, चुकलं. मेघालीनेही श्वास धरला.

"मंग?" रंगूबाई म्हणाली. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "काय खोटं लिवलंय तिनं? मला बी माझ्या आयसारखी न्हाय व्हायचं व्हतं. लय वाटायचं. रोज वाटायचं. पन मला लिवता कुटं येत व्हतं?" तिने हेमालीच्या हातून डायरी घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा जरीच्या कापडावर ठेवली. "मांडलीय ती मी मांडलीय. ऱ्हाऊ दे हितंच."

मावशी पान थुंकायला बाजूला सरकली. मेघालीने पुढे होऊन आईची दोन्ही मनगटं धरली, इतकी घट्ट की हिरवा चुडा करकरला. एवढी वर्षं ती आईबद्दल लिहीत आली होती. पानंच्या पानं भरली होती. आणि आईला साधं विचारलं म्हणून कधी नव्हतं.

"आई, मग तुला काय व्हायचं होतं गं?"

"आता इचारतंस?" रंगूबाईचे डोळे भरून आले. "येळ काय, हिचं चाललंय काय! जा, मुहूर्त टळंल."

"सांग आधी."

तिकडून भटजी ओरडले, "मामा, नवरीला आणा!" मामा आला आणि त्याने भाचीच्या दंडाला धरून तिला नेलंच. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. पलीकडे धनेश उभा होता, इकडे अक्षता पडत होत्या, आणि मेघाली मान मागे वळवून वळवून आईला शोधत होती. भटजी दोनदा म्हणाले, "नवरीबाई, समोर बघा." तिने काही समोर बघितलं नाही.