शिवानीचा डेस्क

नीलाबाई लातुरात क्लासच्या पोरींची मेस चालवायची. चाळीस पोरींच्या चपात्या लाटून दुपारी हात मोकळा झाला, की शेजारच्या मोहियोद्दीन मिस्त्रीच्या दुकानात जाऊन रंधा बघत उभी राहायची. सुताराच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम, असं विचारणारे होतेच. विचारीनात का! एक दिवस तिनं लुगड्यात गुंडाळलेली फळी आणली. म्हणाली, "भाई, मला शिकवा. खाली बसून लिहायचा डेस्क करायचाय."

मिस्त्री कावलाच. होस्टेलांच्या खाटा-टेबलांनी आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ही! "पहिलंच काम अन् डेस्क? आधी पाट कर. एक फळी, दोन पट्ट्या, झालं. ही सागवानी हाय, बाई. शिकाऊ हातानं हिची माती करू नको. मीच देतो करून."

"न्हाई. मीच करणार."

"बरं, बसणार कोण? आण त्याला. मांडी घालून बसवून कोपराचं माप घेतल्याबिगर आपण डेस्काला हात लावत न्हाई."

नीलाबाई तिथंच भुश्यात मांडी घालून बसली अन् गुडघ्यावर हात ठेवला. "एवढं. माझ्या मांडीवर वही ठेवून लिहायची शिवानी माझी. 'आई, तू हलतीस गं, अक्षर बिघडतंय,' म्हणून रोज भांडायची. डेस्क पायजे म्हणायची. मी म्हटलं, गणपती उठू दे, मग बघू."

गणपती उठले अन् दुसऱ्याच पहाटे भूकंप झाला. त्याला आता दहा वर्षं होत आली होती. किल्लारीकडच्या त्या घराखाली नवरा गेला, नऊ वर्षांची लेक गेली. दाराची ही एक फळी तेवढी धड निघाली.

मिस्त्रीनं करवत तिच्या हातात दिली.

महिनाभर नीलाबाईच्या तळहाताचे फोड काही बरे झाले नाहीत. एका दुपारी मिस्त्री जेवायला घरी गेला असताना चारी पाय ठोकून झाले. डेस्क उभा राहिला, पण हलायला लागला. इतकं करून हा हलतो म्हणजे काय! तिनं एक पाय जरासा कापला. दुसरीकडून हलला. तोही कापला. मग तिसरा, मग पुन्हा पहिला.

मिस्त्री परतला तेव्हा डेस्क चार बोटं उंच उरला होता.

"या अल्लाह! अगं, पायाखाली लाकडाचं चिपाट घालायचं असतंय! नवे पाय लावू. एवढ्याशा डेस्कापुढं कोण बसणार?"

"कोण बसणाराय, भाई?" नीलाबाई म्हणाली. "हलतो का तेवढं बघा."

मिस्त्रीनं दोन्ही हात टेकून अंगाचा भार टाकला.

"न्हाई, बाई. जराबी हलत न्हाई."

मग नीलाबाईनं त्या फळीवर कपाळ टेकलं अन् दहा वर्षांत रडली नव्हती एवढी रडली. त्या संध्याकाळच्या चपात्या पोरींनीच लाटल्या.