मीठ बघायला ये

महाशिवरात्र होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळी मोबाईल वाजला, त्यावर 'अक्का' असं नाव दिसलं आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आली ती सबब. या दिवसांत अक्काचा फोन म्हणजे बिबड्यांचं बोलावणं... यंदा काय सांगावं? गुडघे दुखताहेत म्हणावं, की घरी पाहुणे आहेत म्हणावं? या विचारात फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. अक्काच्या फोनवरून तिचा मुलगा सुनील बोलत होता. "मावशी, आई गेली." पहाटे उठून अंगण झाडायला बाहेर आली, ओट्यावर जरा टेकली, ती उठलीच नाही. धुळ्याहून जळगावला जाताना बसमध्ये मी सारखी डोळे पुसत होते. शेजारची बाई दोनदा पाणी घ्या म्हणाली. तिला काय ठाऊक, मी अक्कासाठी रडतेय की त्या न उचललेल्या फोनसाठी.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्यासाठी स्थळं बघण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. लग्न होऊन ती जळगावच्या मेहरूणला गेली, मी धुळ्याला आले आणि सरकारी कचेरीत चिकटले. माझी भाषा साहेबी झाली, तिची होती तशीच राहिली. मी तिची नक्कल करून तिला चिडवायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. थंडी सरू लागली, पहाटे गोधडी हवी आणि दुपारी पंखा हवा असे दिवस आले, कडुनिंबाच्या पानांचा अंगणात खच पडायला लागला, की तिचा फोन ठरलेला. "जवारी भिजत घालू का? तू येशी ना?" बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, उपसून दळायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून पीठ शिजवायचं. तो गरम घाटा ओल्या फडक्यावर थापायचा आणि जुन्या पातळावर उन्हात वाळवायचा. एकदा भिजलेली ज्वारी कुणासाठी थांबत नाही, आंबून जाते. म्हणून अक्का आधी मला विचारायची आणि मगच धान्याला पाणी लावायची.

गल्लीत कुणाचेही बिबडे असोत, घाट्याची चव बघायला अक्कालाच बोलवत. वाळल्यावर मीठ वर येतं, म्हणून घाट्यात ते किंचित कमी लागतं. किती कमी, ते तिच्या जिभेला अचूक कळायचं. कोरोनातून ती उठली, पण ती जीभ काही परत आली नाही. त्या वर्षी पहाटे तिने मला चुलीपाशी ओढलं, वाटीत घाटा दिला आणि हळूच म्हणाली, "मीठ देख. माले काहीच समजत नही. सूनले सांगू नको, मंग ती माले चुल्हाकडे येऊ देवाव नही." मी घास तोंडात टाकला. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "बराबर शे का?" मी मान हलवली आणि तिचा जीव भांड्यात पडला. सून ज्योती शाळेत शिक्षिका, चांगली मुलगी आहे, पण अक्काला कोण समजावणार! त्यानंतर दरवर्षी मी आदल्या दिवशी मुक्कामाला जायचे आणि गल्लीतल्या बायका थापायला जमण्याआधी मीठ ठरवून टाकायचे. दोघींचं गुपित होतं. मला त्याचा रुबाबही वाटायचा, हे कबूल करते.

गेल्या वर्षी मी "हो, घाल भिजत" म्हटलं. शुक्रवारी आमच्या भिशीच्या बायकांनी रविवारची हुरडा पार्टी ठरवली. शेतावर जायचं होतं, बैलगाडी होती, गाणी होती... शनिवारी सकाळी मी अक्काला फोन करून आवाज बसका काढला. "अक्का, ताप आहे गं." ती म्हणाली, "मंग नको येऊ. पडी राय. मी करी लेसू." कशी करून घेणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

बुधवारी ती दारात उभी. एका हातात बिबड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात काढ्याची बाटली. आजारी बहिणीला बघायला म्हातारी एसटीने एकटी आली होती. मी चहा ठेवतेय तोवर शेजारच्या वहिनी माझी रविवारी शेतावर राहिलेली शाल घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ताई, काय नाचलात हो तुम्ही हुरड्याला!" मी गॅसकडेच बघत राहिले. वहिनी गेल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "ताप उतरना वाटस. बरं झायं." चहा प्यायली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. माफी मागावी असं मला दहादा वाटलं. तिनेच विषय काढला तर मागू, असं म्हणत मी वर्ष काढलं. तिने कधीच काढला नाही. तो डबा मी तिच्यासमोरच माळ्यावर ठेवला होता. लाजेपायी तो खाली काढवलाही नाही.

तेराव्याला पंगतीत ज्योतीने माझ्यापुढे वेगळी वाटी ठेवली. "मावशी, तुमचं वरण अळणी काढलंय."

"अळणी? ते कशाला?"

"तुम्हाला बीपी आहे ना? आईंनी गेल्या वर्षी तुमच्यासाठी म्हणून बिबड्यांत मीठच घातलं नाही. बायका ओरडत होत्या, तर म्हणाल्या, माझ्या बहिणीला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. वर्षभर आम्हीही तेच अळणी खाल्ले."

मला बीपी नाही. कधीच नव्हतं. मी ते वरण भाताबरोबर संपवलं. अंदाजाने मीठ घालून फजिती झाली असती, कुणाकडून चाखून घेतलं असतं तर गुपित फुटलं असतं. मी नव्हते, म्हणून तिने मीठच घातलं नाही आणि कारण म्हणून माझ्याच काळजीचं खोटं पुढे केलं. माझं खोटं उघडं पडल्यावरही तिने घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. माझं बीपी ज्योतीच्या डोक्यात तसंच राहिलं होतं.

धुळ्याला आल्या आल्या स्टुलावर चढून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. बिबडे जसेच्या तसे होते, तिळाचा वास अजून होता. वरच, कागदाची चार घड्यांची पुडी. उघडली तर बारीक कुटलेलं मीठ आणि जिरं. ही पुडी बांधली तेव्हा तिच्या लेखी मी तापाने फणफणत होते.

एक बिबडा तळला. पुडीतलं मीठ चिमटीने वरून भुरभुरवलं, थोडं कमीच, आणि तुकडा तोंडात टाकला. सवयीने मान हलवली... आणि वर बघितलं. विचारायला समोर कुणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "बराबर शे, अक्का."