नंदू करकऱ्यांची रविवारची बैठक

नंदू करकरे तसा मवाळ माणूस. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं टीचभर दुकान, कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. असल्या माणसाने एकदा डूख धरला की मग खैर नसते.

मध्यभारत राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. महूच्या छावणीतली जुनी यंत्रं लिलावात निघायची, ती उचलून जयसिंगराव इंदुरात विकायचे. त्यांच्याकडून नंदूने रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तपासायची पेटी घेतली. व्हॉल्व्ह लावायचा, काटा हिरव्या पट्ट्यात गेला तर चांगला, लाल पट्ट्यात राहिला तर बाद. पण पेटीच बिघडलेली! धडधाकट व्हॉल्व्हलाही ती लाल दाखवायची. काट्यावर भरवसा ठेवून नंदू लोकांना नवे व्हॉल्व्ह घ्यायला लावत राहिला. त्याचं एक गिऱ्हाईक, अप्पासाहेब मतकरी, यांनी आपले बाद ठरवलेले व्हॉल्व्ह दुसरीकडे दाखवले, तर ते ठणठणीत निघाले. भर बाजारात त्यांनी नंदूला चोर म्हटलं. मग दुकानाकडे कुणी फिरकेना.

नंदू पेटी घेऊन जयसिंगरावांकडे गेला, तर ते हसायलाच लागले.

"भिया, पुराना माल आहे. घेताना बघायचं ना! मला तर तेव्हाच माहीत होतं."

माहीत होतं! नंदूच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने महूच्या लिलावातून खात्रीची पेटी आणली आणि दर रविवारी तो जयसिंगरावांच्या दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलात ती मांडून बसू लागला. तिथे वीज होती, मालक दोस्त होता. समोर कुणी पेटी बघताना दिसलं की नंदू हाक मारायचा, "पैसे द्यायच्या आधी इकडे आणा. ताडून देतो, फुकट!"

दोन्ही पेट्यांत एकच व्हॉल्व्ह लावून बघितला की लबाडी उघडी पडायची. माल परत जायचा. जयसिंगराव दातओठ खात बसायचे आणि नंदूला चहा गोड लागायचा.

शेवटी जयसिंगराव रस्ता ओलांडून आले. "काय पाहिजे तुला?"

"जे तेव्हा हसत बोललात, ते आता बाजारात बोला. अप्पासाहेबांसमोर."

मान खाली घालून जयसिंगराव बोलले. पेटी खराब होती, मला माहीत होतं, करकऱ्याचा दोष नाही. अप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत नंदूची माफी मागितली आणि संध्याकाळीच रेडिओ दुरुस्तीला पाठवला. शांता, नंदूची बायको, देवापुढे साखर ठेवून म्हणाली, "नाव परत मिळालं. आता बस करा हो."

पुढच्या रविवारी नंदू पुन्हा हॉटेलात हजर. जयसिंगराव धावत आले.

"अरे भिया, बोललो ना सबके सामने! अब क्या चाहिए?"

"काही नको," नंदू पेटीची वायर खोचत म्हणाला. "तुम्ही दुकानाला कुलूप लावाल ना, ते बघायला बसलोय."